नवीन शॉवरला पाणी न येण्याबाबत

विवाहसंस्था टिकवायची असेल तर पाण्याला पुरेसा दाब असणे आवश्यक आहे, याबाबत आता कोणाचेही दुमत राहिलेले नाही. पूर्वी मुलीकडची मंडळी घर बघायला आली की विहीर किती खोल, जमीन किती काळी, सासू किती तोंडाळ, असे प्रश्न विचारत. आता एकच विचारतात, बाथरूममध्ये शॉवर आहे का. (विहिरीला पाणी आहे का, हे नंतरही बघता येते.) समाज पुढे गेल्याची याहून ठळक खूण प्रस्तुत लेखकाला तरी माहीत नाही.

यवत आणि कासुर्डीच्या मधे, हायवेपासून थोडी आत आमची वस्ती आहे. तिथे मल्हारी शेवंतीची शेती करतो. त्याचा मुलगा सतीश तिशी ओलांडलेला, निर्व्यसनी (मावा धरत नाहीत) आणि अविवाहित आहे. त्याची बरीच स्थळे मोडली. एक गोठ्याच्या वासाने गेले, एक डास चावल्याने, आणि बाकीची 'मुलगा शेती करतो' हे वाक्य पूर्ण व्हायच्या आत गेली. त्याची आई साखरबाई सुनेसाठी घेतलेल्या साड्यांना दर वर्षी ऊन दाखवून पुन्हा ट्रंकेत ठेवी. अशात शिरूरहून एक स्थळ आले. मुलगी सृष्टी, रांजणगावच्या एका कंपनीत नोकरीला. मध्यस्थाने निरोप आणला, "पोरगी म्हंती, शेती चालल, म्हशीबी चालत्याल. पण शॉवर पाह्यजे. रविवारी धा वाजता येत्यात बघाया."

मल्हारीने यवतच्या विनोद प्लंबरला बोलावून ताटाएवढा चकचकीत शॉवर बसवून घेतला. नारळ फुटला. सतीशने कॉक फिरवला. शॉवर आधी खाकरला, मग थोडा वेळ गप्प राहिला, आणि नंतर सर्दी झालेल्या पोराच्या नाकासारखा गळू लागला. पाणी येत नव्हते असे म्हणणे अन्यायाचे होईल. ते येत होते, पण आपल्या सवडीने.

दोषनिवारणासाठी तिथल्या तिथे एक समिती स्थापन झाली. (आमच्याकडे समिती नेमावी लागत नाही. कोणी पान्हा हातात घेऊन उभा राहिला की ती जमते.) पुण्याच्या एका लॉजवर शॉवर प्रत्यक्ष पाहिला असल्यामुळे प्रस्तुत लेखकाला तज्ज्ञ सदस्य म्हणून घेण्यात आले. तो त्या शॉवरखाली उभा राहिला होता काय, हे कोणी विचारले नाही.

समितीने केलेले काम मोठे आहे. शॉवरची भोके बारीक असल्याचे आढळल्यावरून ती दाभणाने मोठी करण्यात आली. त्यामुळे एक धार दाराकडे, एक छताकडे आणि एक थेट लाइटच्या बटणाकडे जाऊ लागली. सतीशने मोबाइलवर बघून सांगितले की शॉवर रात्रभर व्हिनेगरमध्ये भिजवावा. व्हिनेगर नव्हते, चिंच होती. शॉवर सकाळी देवाच्या तांब्यासारखा लखलखीत झाला, मात्र गळायचा तसाच गळत राहिला. साखरबाईंनी लिंबू-मिरची बांधली. त्यानंतर दाब आणखी कमी झाला नाही, ही जमेची बाजू.

आता खरे सांगायचे, तर दोष काय आहे हे वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही पहिल्या दिवसापासून माहीत होते. मल्हारीची टाकी बाथरूमच्या स्लॅबवर सपाट बसवलेली होती. ती चार फूट वर घेतली की शॉवर चालणार होता. विनोदने तसे सांगितलेही. समितीने ही सूचना एकमताने फेटाळली, कारण शेजारच्या घराची टाकीही स्लॅबवर सपाटच होती, आणि ते घर मल्हारीच्या थोरल्या भावाचे, सोपानरावांचे होते.

पाणी वरून खाली येते, हा निसर्गाचा नियम आहे. धाकट्याने थोरल्याच्या वर जायचे नाही, हा वस्तीचा आहे. या दोहोंत विरोध आला तर निसर्गाने माघार घ्यावी, अशी आमच्याकडे पद्धत आहे. मल्हारीने घर बांधताना जोते थोरल्यापेक्षा एक वीट खाली ठेवले होते, स्लॅबही तसाच. पलीकडच्या एका चुलतभावाने जोते वीटभर वर घेतले, तेव्हापासून सोपानराव त्याच्या घरचे पाणी पीत नाहीत, आणि त्याच्या मुलीच्या लग्नात मांडवाबाहेरूनच अक्षता टाकून परत आले. सोपानरावांशिवाय सतीशचे लग्न मल्हारीला नको होते. शॉवरशिवाय ते होणारच नव्हते. त्या आठवड्यात मल्हारीला जेवण गेले नाही.

अखेर समितीने मधला मार्ग काढला. शेवंतीला ठिबकने पाणी देणारी मोटर परसातच होती. तिच्या पाइपातून एक फाटा काढून थेट शॉवरला जोडण्यात आला. शनिवारी चाचणी घेतली, तेव्हा साबणाची डबी उडून बाहेर आली आणि अनेक वर्षे तिथे राहणारी पाल कायमची निघून गेली. टाळ्या पडल्या. टाकी जागची हलली नव्हती आणि भावकी शाबूत होती.

रविवारी सकाळी शेतीची लाइट आली. लाइट आली की शेतकरी आधी पिकाला खायला घालतो, मग स्वतःचे बघतो. मल्हारीने हाताच्या सवयीने ठिबकच्या पाण्यात ह्युमिक सोडले. (हे खत काळेकुट्ट असते आणि पिकाला फार मानवते.) पाहुणे दहाला येणार, म्हणजे बाराला येणार, तोवर पाइप स्वच्छ होणार, असा साधा हिशेब होता. पाहुणे दहाला आले. असे पूर्वी कधी घडलेले नसल्यामुळे समितीने ही शक्यता विचारात घेतली नव्हती.

सृष्टीबरोबर तिचे मामा होते, दत्तामामा, पांढऱ्या शुभ्र कपड्यांत. चहा बाजूला ठेवून ते म्हणाले, "आधी शॉवर दावा." ते आत गेले आणि त्यांनी स्वतः कॉक फिरवला. एका एकराला शिफारस केलेली मात्रा त्यांना एकट्याला मिळाली.

यजमान या नात्याने मल्हारी म्हणाला, "घाबरू नगा पाव्हणं, मुळ्या लय चांगल्या सुटत्यात त्यानं."

सृष्टी खो खो हसत सुटली. हसणे आवरल्यावर ती जिना चढून गच्चीवर गेली, दोन्ही टाक्या बघून खाली आली आणि मल्हारीसमोर उभी राहिली.

"काका, टाकी वर घेतली की झालं. हे तर तुम्हालाबी ठावं असंल. मग घेतली का न्हाई?"

"थोरल्याच्या वर कसं जायाचं, पोरी?"

"त्यास्नी इचारलं का?"

विचारणे हा विषय समितीच्या कार्यकक्षेत नव्हता.

"उद्या मी या घरात काय मागितलं, तर मलाबी न इचारताच न्हाई ठरवून टाकणार का?" सृष्टी म्हणाली. "इचारून या. मी बसते हितं."

साखरबाईंनी नवऱ्याच्या हातात टोपी दिली. मल्हारी कुंपण ओलांडून गेला. सोपानराव बाजेवर बसले होते. सगळे ऐकू येत असूनही आपण ऐकत नाही, असा त्यांचा चेहरा होता.

"दादा, ती टाकी..." मल्हारीने गच्चीकडे बोट दाखवले.

"आरं, पोराचं लगीन अडलंय आन् तू टाकीचं भ्या धरून बसलाय व्हय?" सोपानराव म्हणाले. "मी कवा न्हाई म्हणलो? कुणी इचारलंच न्हाई मला. घे की वर!"

मल्हारीने सगळ्यांदेखत डोळे पुसले. प्रस्तुत लेखकानेही रुमाल काढला. दोन भावांमध्ये इतका मोठेपणा आजकाल दिसत नाही.

"फकस्त," सोपानराव म्हणाले, "आधी माझी घिऊ."

त्याप्रमाणे सोपानरावांची टाकी पाच फूट वर गेली आणि मल्हारीची चार. लग्न थाटात झाले, सोपानराव फेटा बांधून मांडवाच्या तोंडाशी उभे राहिले. पुढे बाकीच्या घरांनीही मानपानाच्या क्रमाने टाक्या उंच करून घेतल्या. शॉवर आता धो धो चालतो.

त्याखाली आंघोळ मात्र कोणी करत नाही. मल्हारीला त्यात अंग घासल्याचे समाधान मिळत नाही. साखरबाईंचे केस भिजतात. सतीशला त्यात गरम पाण्याला गार पाण्याचे विसण घालणे जमत नाही. सृष्टीला कामावर जायची घाई असते, त्यामुळे तीही बादली भरून घेते आणि भराभरा चार तांबे अंगावर ओतून बाहेर येते. शॉवरवर सतीशचा बनियन फार छान वाळतो. दुसऱ्या कोणाकडे स्थळ आले की पाहुण्यांना नमुना म्हणून हाच शॉवर दाखवायला आणतात, तेव्हा तेवढ्यापुरता बनियन काढला जातो.

खेड्यातल्या लोकांच्या या तऱ्हेचे हसू येत असल्यास वाचकांनी मोकळेपणी हसावे. फक्त त्याआधी एकदा उठून स्वतःच्या बाथरूममध्ये जाऊन यावे, आणि आपल्या शॉवरवर वाळत घातलेला तो टॉवेल कोणाचा, एवढे घरात विचारून घ्यावे.