श्रीनिवास डॉक्टरांची केस

आमचे श्रीनिवास डॉक्टर स्वतःला ताप आला की दोन थर्मामीटर लावतात आणि दोन्हींवर विश्वास ठेवत नाहीत. मग माझ्यापुढे मनगट धरतात. "सिस्टर, जरा हात लावून बघा. तुम्हाला काय वाटतं?" मला वाटतं ते मी सांगते. काही झालेलं नाही, कामाला लागा. तेवढ्यानं भागत नाही. मग वॉर्ड झाडणाऱ्या रुक्मिणीमावशींना बोलावणं जातं. मावशी लांबूनच म्हणतात, "गार हायेत की."

मी या हॉस्पिटलातली मोठी सिस्टर. सोलापूरचा उन्हाळा आणि डॉक्टर लोकांचे नखरे, दोन्ही सोसून माझी कातडी जाड झालीय. पण एवढा शंकेखोर माणूस मी बघितला नाही. "शंकेला जागा आहे," हे त्यांचं पालुपद. पेशंटच्या दृष्टीनं हे चांगलंच. दुसऱ्यानं गॅस म्हणून घरी धाडलेला माणूस यांनी ठेवून घेतला आणि वाचवला, असं कितीदा झालंय. पण तोच न्याय ते चहाला, चपलेला आणि नवरीलाही लावतात, तिथं पंचाईत होते. एकदा मला घेऊन चादर घ्यायला गेले. आजोबांपासून ज्यांच्या घरात माग चालले, तो माणूस दुकानदाराला विचारतो, ही सुतीच कशावरून? दुकानदार म्हणाला, "डॉक्टर, तुमच्या चुलत्याच्याच मागावरची हाय की ही." तरी यांनी कडेचा एक दोरा ओढून, जाळून, वास घेऊन बघितला.

त्यांच्या आई, अम्मा, होत्या तेव्हा लग्नाचं फार मनावर घ्यायच्या. एका घरी मुलगी बघायला नेलं, तर यांनी तिला घराण्यात साखर कुणाकुणाला आहे ते विचारलं आणि डोळ्याची खालची पापणी ओढून रक्त कमी आहे का तेही बघितलं. मुलीचे वडील म्हणाले, "डॉक्टर, पोरगी बघायला आलाय का राउंडला?" अम्मा मला हे सांगताना हसत होत्या आणि पदरानं डोळेही पुसत होत्या. गेल्या वर्षी त्या गेल्या.

आणि मग आमच्याकडे मेघना मॅडम आल्या. लहान मुलांच्या डॉक्टर, करमाळ्याच्या. बोलणं रोखठोक, हसणं मोकळं. मोठ्यांच्या डॉक्टरचं लहान मुलांच्या वॉर्डात काय काम? पण संध्याकाळी ओपीडी सुटली की हे तिथं उभे. कधी म्हणायचे ओपिनियन घ्यायचं होतं, कधी म्हणायचे पेन विसरलं. पेन खिशातच असायचं. सगळ्या हॉस्पिटलला कळलं होतं, एक यांनाच कळत नव्हतं.

त्यातच मॅडमना पुण्याच्या एका मोठ्या हॉस्पिटलनं बोलावलं. शनिवारपर्यंत त्यांना हो-नाही कळवायचं होतं. मी डॉक्टरांना गाठलं. "सर, आता तरी बोला. माणूस चाललंय हातातनं."

"पण सिस्टर, हे प्रेमच आहे कशावरून? शंकेला जागा आहे."

"मग घ्या की सेकंड ओपिनियन," मी वैतागून म्हणाले. काय दुर्बुद्धी सुचली कुणास ठाऊक.

शुक्रवारी दुपारी आमच्याकडे केस मीटिंग असते. अडलेली केस एकानं मांडायची, बाकीच्यांनी डोकं चालवायचं. पेशंटचं नाव घ्यायचं नाही, असा नियम. त्या शुक्रवारी श्रीनिवास डॉक्टर कागद घेऊन उठले.

"पेशंट पुरुष, वय चाळीस. छातीत धडधड, संध्याकाळी जास्त. भूक कमी. ईसीजी नॉर्मल."

"थायरॉइड बघा," हाडांचे डॉक्टर म्हणाले.

"बघितलं. दोन लॅबमध्ये बघितलं. विशेष म्हणजे लहान मुलांचं रडणं कानावर पडलं की पेशंटला बरं वाटतं."

अगं बाई. हा माणूस खरंच ओपिनियन घ्यायला उभा राहिला होता, आणि तेही मॅडम समोर बसलेल्या असताना. मॅडमनी मान वर केली. त्यांच्या ध्यानात आलं होतं.

"पेशंटच्या घरी कोण असतं?" त्यांनी हळूच विचारलं.

डॉक्टरांनी कागद खाली ठेवला. "आई होती. आता कुणी नाही. जेवताना पेशंट रेडिओ लावतो. बातम्या संपल्या की शेतीचा कार्यक्रमसुद्धा ऐकतो. कुणीतरी बोलत असलं म्हणजे घास उतरतो."

दिवसभर गावाची दुखणी ऐकणारा माणूस, आणि घरी खतांचे भाव ऐकत जेवतो. रोज बघत होते मी त्यांना, पण हे मला ठाऊक नव्हतं.

"हे पेशंटनं आधी कुणाला सांगितलं होतं?" मॅडमनी विचारलं.

"नाही. आत्ताच सांगितलं."

हाडांचे डॉक्टर अजून थायरॉइडवरच होते, ते काही बोलणार तेवढ्यात मी त्यांच्या पायावर पाय दिला.

"निदानाची घाई करायला नको," मॅडम म्हणाल्या. "मलाही काही गोष्टी नक्की कळत नाहीयेत. पण आज पेशंटनं एकट्यानं जेवायचं नाही. मी येते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डॉक्टरांना जिन्यातच अडवलं. तो शनिवारच होता. "पुण्याचं काय?"

"मॅडमनी त्यांच्याकडून महिनाभर मुदत मागून घेतलीय. नक्की काही सांगता येत नाही म्हणाल्या." आणि चेहरा तर असा फुललेला, जशी काही सुपारीच फुटली.

"बरं, काल काय जेवलात?"

डॉक्टर पायरीवर थांबले. बराच वेळ आठवत राहिले.

"काय माहीत, सिस्टर," ते म्हणाले. "बोलत होतो."