आप्पा उठले नाहीत

आमच्या गल्लीतले आप्पा तोडकर कुठलंही गाणं शेवटपर्यंत ऐकत नसत. मधेच उठायचे, सदऱ्याची कॉलर सरळ करायचे आणि गाणारा कोण का असेना, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे, "गाणं न्हाय ह्ये. हजेरी हाय." मग चप्पल शोधत बाहेर.

त्यांची हयात कोल्हापुरातल्या एका कारखान्यात लेथवर गेली. सुताएवढा फरक नुसत्या बोटाने ओळखायचे. गाणं शिकलेले नव्हते, पण लोखंडाला जो नियम तोच गळ्याला, असं त्यांचं मत. पुतण्याच्या हळदीत त्यांनी गाणाऱ्याला असंच ऐकवलं. तो नवरीचा मामा निघाला आणि कुरुंदवाडची पाहुणेमंडळी भरल्या ताटावरून उठली. एकदा सलूनमध्ये मोबाइलवर गाणं लागलं, तर गालावरचा साबण तसाच घेऊन घरी आले.

मीही सुटलो नाही. आम्हा निवृत्तांचा गाण्याचा एक ग्रुप आहे. माझ्या पहिल्याच कार्यक्रमात आप्पा अंतऱ्याआधी उठले. दुसऱ्या दिवशी घरी येऊन माझी समजूतही काढली, "बँकेत मात्र तुमचं काम चांगलं हुतं."

तरी दर कार्यक्रमाला यायचे. पहिल्या रांगेत बसायचे. बायको जाऊन तीन वर्षं झालेली, मूलबाळ नाही. वेळ जात नसेल, असं आम्ही धरून चाललो होतो.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी सकाळी आमच्या कार्यक्रमात वैशाली गायली. गडमुडशिंगीची, पेशाने नर्स, लोकांपुढे पहिल्यांदाच उभी राहिलेली. गाणं प्रेमाचं होतं. बायको नवऱ्याला म्हणते, बाकी काही नको, संध्याकाळी दोन घटका माझ्याजवळ बस.

दुसऱ्या कडव्याला वीज गेली. माईक बंद, पेटीवाला थांबला. वैशाली थांबली नाही. आवाज थोडा कापला, मग मोकळा झाला. मागच्या बायकांची कुजबुज बंद पडली. चहाचे कप गोळा करणारी बाई ट्रे धरून भिंतीला टेकली. माझ्या शेजारचे एरवी गाण्यात पेंगणारे निवृत्त हेडमास्तर चष्मा पुसत होते. मी आप्पांकडे पाहिलं. दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट. ते उठले नाहीत.

गाणं संपल्यावर मात्र ते तडक स्टेजकडे निघाले. आता हे पोरीला काय बोलतात, या धास्तीने मी मागोमाग गेलो. ते तिला मागे टाकून तिच्या नवऱ्यापुढे उभे राहिले. तो वायरी गुंडाळत होता. आप्पांनी हात जोडले.

"पावणं, ही घरात गायला लागली की मधी कायबी बोलू नका. चांगलं न्हाय, वाईटबी न्हाय."

तो बिचारा गोंधळून हो म्हणाला.

परत येताना आप्पा वाटेत बोलले. त्यांच्या लग्नाला महिनाही झाला नव्हता. त्यांची बायको, आमच्या शांताकाकू, आत भाकरी थापताना गात होत्या. बाहेर आप्पांचे मित्र बसलेले. त्यांना हसवायला आप्पा ओरडले, गाणं न्हाय ह्ये, हजेरी हाय. सगळे हसले. काकू गप्प झाल्या. रुसल्या नाहीत, सगळ्यांना वाढलंदेखील. पण पुन्हा कधी गायल्या नाहीत. आप्पांना ते वाक्य आवडलं, म्हणून ते गावभर वापरत राहिले. घरातलं गाणं बंद झालंय, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

काकू शेवटी दवाखान्यात होत्या, तेव्हा शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, तुमच्या मालकीणबाई किती छान गातात, मला त्याच्यावर झोप लागते. आप्पा डबा आणायला गेले की काकू गायच्या.

"मग एक दिस डबा घिऊन दाराभाईर हुबा ऱ्हायलो," आप्पा म्हणाले. "आत चाललं हुतं गाणं. तेवढ्यात नर्सबाई आली, दार उघाडलं. हिनं मला बघितलं आन् गायची थांबली. म्हटलं, म्हण की. तर म्हणाली, आता दम न्हाय ओ."

काकू गेल्यापासून कुठलंही गाणं शेवटपर्यंत ऐकवतच नाही, म्हणाले.

त्यांचं घर आलं. कुलूप काढायला त्यांना वेळ लागला. काकू काय गात होत्या, असं मी विचारलं.

"दार जाड हुतं," आप्पा म्हणाले. "शब्द कळलं न्हाईत."