छत्रीखालची वाइन

"आता सांगतंय, पण कोणाक खरां वाटूचां नाय," असे बजावून दाजींनी आंबोलीत सुगंधाच्या चहाच्या टपरीत बैठक मारली. एस.टी. घाटात अडकली होती, तेव्हा श्रोत्यांना दुसरा इलाजही नव्हता.

चौऱ्याऐंशी साली सरकारच्या निदर्शनास असे आले, की उत्तम लाल वाइन उंच डोंगरावरच्या द्राक्षांचीच होते. नकाशात आंबोली उंच निघाली आणि आंबोलीत दाजींचा काजूचा उतार सर्वांत उंच. काजू तोडून वेली लावण्यात आल्या. अट एकच: पहिल्या हंगामात वाइन न निघाल्यास जमीन सरकारजमा.

"साहेब, इथे पाऊस फार पडतो," दाजींनी पाहणीला आलेल्या साहेबांना नम्रपणे सांगितले.

"आमच्याकडे फक्त उंची आहे. पाऊस दुसऱ्या खात्याकडे," साहेब म्हणाले.

जूनमध्ये वेली कुजू लागल्या. तातडीची उपाययोजना म्हणून दर वेलीमागे एक काळी छत्री मंजूर झाली. छत्री धरायला माणूस हवा, म्हणून छत्रीधारक नेमले. ते भिजू लागले, म्हणून त्यांच्या डोक्यावर छत्र्या धरायला सहायक छत्रीधारक आले. गणपतीपर्यंत अर्ध्या तालुक्याचे जावई कामाला लागले. वेलींवर पाऊस पडेना, तसे ऊनही पडेना.

द्राक्ष एकही लागले नाही. तपासणी समिती मात्र वेळेवर आली. जमीन जाणार म्हणून दाजी छत्र्याच मोजून दाखवू लागले. त्यांच्या बायकोने, राधाबाईने, फळीवरची कोकमाच्या रसाची, आगळाची, बाटली पुढे केली.

"लाल आसा मां? मगे हीच वाइन म्हणान व्हरा!"

आगळात मीठ सढळ. अध्यक्षांनी घोट घेतला, डोळे मिटले. "समुद्र जवळ असल्याची खारट छटा," ते म्हणाले. इतर सदस्यांना तीच छटा एकमताने सापडली. दुसऱ्या पेल्यानंतर समिती रीतसर झिंगली. एका सदस्याला तर उचलून जीपमध्ये घालावे लागले.

प्रयोग यशस्वी ठरला. इतकी मोलाची जमीन एका शेतकऱ्याच्या हाती ठेवणे देशहिताचे नसल्याने ती सरकारजमा झाली.

टपरीत कोणाच्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही. कोपऱ्यातल्या भिकाजीने तेवढे विचारले, "दाजीनू, सहायक छत्रीधारकाची भरती अजून चालू आसा काय? आमचो भाचो रिकामो आसा."

दाजींना चेव आला. "मगे काय झाला, साहेब सोता माझ्या खळ्यात इलो. हात जोडल्यान. म्हणालो, 'दाजी, चूक आमची झाली.' आणि जमीन परत दिल्यान!"

सुगंधाने किटली आदळली.

"फटी मारू नकात, दाजीनू! छत्र्यो मानलंय, झिंगलेली समिती मानलंय. पण साहेबान चूक कबूल केल्यान? आणि जमीन परत गावली, तर तुमच्याच उतारार, सरकारी बंगल्याच्या गेटार वॉचमन म्हणान उभे ऱ्हवान तुमी रोज कोणाक सलाम ठोकतास?"