मोरूची जागा

मतदानाच्या रांगेत धर्मा तांडेल स्वतःच्या पुढे एका माणसाची जागा मोकळी ठेवून उभे राहत. रांग सरकली की आधी ती जागा सरके, मग तांडेल. कुणी मध्ये घुसलाच तर त्याला कोपरानं बाजूला करत आणि म्हणत, "तितं मानूस हाय."

"कुटं हाय, काका?"

"भायेर गेलाय. येल."

हा माणूस म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा मोरेश्वर. तो मालवाहू जहाजावर खलाशी होता आणि मतदानाच्या दिवशी कुठल्या तरी समुद्रात असे. दातिवऱ्याचं केंद्र गावच्या शाळेत असायचं. टेबलापाशी पोहोचल्यावर तांडेल आधी मोरूचं नाव वाचायला लावत, "भायेर गेलाय" असं मोठ्यानं सांगत आणि मगच आपलं मत देत. अधिकारी दर वेळी नवा, त्यामुळे भांडणही दर वेळी नवं.

मी तेव्हा पालघर तालुक्याचा वार्ताहर होतो. म्हणजे मुंबईच्या एका दैनिकाला पानभर मजकूर पाठवायचो आणि त्यातल्या दोन ओळी छापून यायच्या, त्याही कधी कधी 'वसई, वार्ताहराकडून' अशा. आपल्याला कायदा कळतो हा माझा समज मात्र कुणी कापला नव्हता. एकदा किनाऱ्यावर मी त्यांना समजावलं, की जहाजावर गेलेला माणूस गावचाच मतदार राहतो, पण मत द्यायला त्यानं स्वतः यावं लागतं. रांगेत जागा राखून उपयोग नाही.

त्यांनी दोन होड्यांमधल्या रिकाम्या वाळूकडे बोट केलं. "ती जागा नारायनच्या होडीची. होडी भायेर गेली म्हनून तितं दुसरा कोन आपली लावतो काय?"

"नाही."

"मंग? पेपरात लिवता, एवढं कलत नाय?"

मी त्यावर लेख लिहिला. त्याच्या जागी मासळीचे भाव छापून आले.

पुढे मोरेश्वर हॉलंडला उतरला, तिथल्या बंदरात नोकरीला लागला, लग्न केलं आणि काही वर्षांनी तिथलं नागरिकत्व घेतलं. तांडेलांना त्याचा कोण अभिमान! बोंबील वाळत घालताना, एसटीची वाट बघताना, भेटेल त्याला ते सांगत. मतदारयादी तपासायला गुरुजी घरी आले तेव्हा त्यांनाही चहा पाजून सांगितलं, "आमचा मोरू तिकडचा झाला. पासपोर्ट बी तिकडचाच."

गुरुजींनी चहा संपवला आणि नाव कमी करायला लिहून घेतलं. मी शेजारीच बसलो होतो. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की इथलं संपतं, मग मतही जातं, हे मी तांडेलांना सविस्तर सांगितलं.

ते म्हणाले, "तुमचा चा निवतोय."

त्यानंतरच्या निवडणुकीला मोरेश्वर सुट्टीवर गावात होता. आपल्याच गावी यायला त्याला व्हिसा काढावा लागला होता. तांडेलांनी त्याला रांगेत आणून आपल्या पुढे उभं केलं.

"काका, आज रांग सलग दिसते!" मागून कुणीतरी ओरडलं. तांडेलांचं लक्ष नव्हतं. ते मुलाची कॉलर नीट करत होते.

मग टेबल किती लांब आहे ते बघायला ते बाजूला वाकले, तेव्हा मोरू वळून त्यांच्या मागे उभ्या असलेल्या मला हळूच म्हणाला, "माजं नाव नसनार, म्हाईत हाय मला. पन बाबाला सांगनार कोन?"

लोकांना सांगणं हा माझा धंदा. मी रांगेत एक पाऊल पुढे सरकलो.

टेबलावरच्या बाईंनी यादी दोनदा पाहिली. "नाव कमी केलंय."

"मानूस हितं उभा हाय, बाय!"

"काका, ते आता परदेशी नागरिक आहेत. त्यांना मत देता येत नाही."

तांडेलांनी टेबलाची कड धरली. "मानूस नव्हता तवा नाव होतं. आता मानूस आनला, तं नाव नाय." मग म्हणाले, "मत ऱ्हाऊ द्या. शाई तरी लावा त्याला."

"शाई मत देणाऱ्यालाच, काका."

मोरू बाहेर गेला. तांडेलांनी बोट पुढे केलं. "मंग माला जरा जास्त लावा." ते बोट कशालाही टेकू न देता त्यांनी कसाबसा शिक्का मारला, पत्रिका पेटीत टाकली आणि वयाला न शोभणाऱ्या घाईनं बाहेर पडले.

मी माझं मत देऊन आलो तेव्हा शाळेच्या कुंपणापाशी ते मोरूचा हात धरून आपलं बोट त्याच्या बोटावर दाबत होते.

"हलू नको. वली हाय अजून."

मोरू हलला नाही. हॉलंडचा तो थोराड नागरिक शाळेतल्या पोरासारखा हात पुढे करून उभा होता. डाग वाकडा उठला, फिकाही, पण नखाच्या कडेला बसला.

तांडेलांनी माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत त्यांनी मला प्रथमच उत्तर हवं म्हणून काही विचारलं. "पेपरवाले, तो तितं पोचला तरी ऱ्हाईल ना हा?"

"राहील," मी म्हणालो.

संध्याकाळी पालघरहून मी बातमी पाठवली : दातिवरे येथे मतदान शांततेत पार पडले. एकही शब्द न कापता ती छापून आली.