बिनगणिताचे जाधव

निम्म्या सोलापुरातल्या बायकांची कोपरं शांतवन जाधवांना पाठ होती. वाचकांनी भलता अर्थ काढू नये. जाधव घरांचे आणि चर्चचे नकाशे काढत. कुणी घराचं काम दिलं की प्लॉट बघण्याआधी ते त्या माणसाच्या जुन्या घरी जायचे, थेट स्वयंपाकघरात बसायचे आणि म्हणायचे, "वहिनी, जरा पीठ मळल्यागत करा की." वहिनींनी लाजत हात हलवले की खिशातून टेप काढून जमिनीपासून कोपरापर्यंत माप घ्यायचे. ओटा त्या मापाचा, आणि घर त्या ओट्याभोवती. नवरा कुठं झोपणार, हे सगळ्यात शेवटी ठरायचं.

चर्चचंही तेच. मंडळीतली सगळ्यात म्हातारी बाई शोधायची, तिला बाकावर बसवायचं, उठवायचं, परत बसवायचं. "हिचे गुडगे उठले म्हंजी समद्यांचे उठले," एवढंच त्यांचं बाकांचं शास्त्र.

ही चौऱ्याहत्तर-पंच्याहत्तरची गोष्ट. मी पुण्याहून रीतसर इंजिनियर होऊन आलेलो. भवानी पेठेत माझं ऑफिस, भिंतीवर काचेच्या चौकटीत पदवी, आणि रस्त्यापलीकडे तेलाच्या दुकानावर जाधवांची खोली. माझ्या खिडकीतून त्यांचा जिना दिसायचा. त्या जिन्यावरून दिवसभरात किती माणसं वर गेली, ते संध्याकाळी मला बिनचूक सांगता आलं असतं. माझ्या जिन्यावर पोस्टमन यायचा.

हा मनुष्य शिकला होता काय, तर मिशनच्या शाळेत सुतारकाम. तिथल्या एका साहेबाचे नकाशे गिरवता गिरवता हात बसला, बस्स. आणि नातेपुत्यापासून अक्कलकोटापर्यंत जिथं म्हणून चर्च उभं राहायचं, तिथं जाधव. चर्च त्यांना मिळावीत, याचं मला काही नव्हतं. पण लिंगायत व्यापारी, गिरणीतले कारकून, माझे स्वतःचे मेहुणे, सगळे घराला जाधवच!

मधे कायदा आला. नोंदणी नसलेल्यानं 'आर्किटेक्ट' अशी पाटी लावायची नाही. ते वाचून मला झालेला आनंद स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता. शेजारधर्म म्हणून पेपरातलं कात्रण घेऊन मीच त्यांच्याकडे गेलो. जाधवांनी ते सावकाश वाचलं.

"बरं झालं सांगितलंसा," ते म्हणाले. "त्यो शब्द लई लांब हुता. पाटीवर मावत नव्हता."

दुसऱ्या दिवशी पेंटर आला. 'शांतवन जाधव. घर आणि चर्च.' शब्द कमी झाल्यानं अक्षरं मोठी झाली आणि पाटी आता पार चौकातून दिसायला लागली.

पुढं मी स्वतःचं घर बांधायला काढलं. नकाशा अर्थातच माझा. एके दिवशी दुपारी लवकर घरी आलो, तर आमच्या स्वयंपाकघरात जाधव पाटावर बसून शेंगाचटणीशी कडक भाकरी खात होते, आणि माझी बायको सुमन समोर उभी राहून हवेत कणीक मळत होती.

"हे काय चाललंय?"

"ओटा," सुमन म्हणाली. "तुमच्या नकाशातला मला छातीशी येतोय."

"ती स्टँडर्ड उंची आहे!"

"मग स्टँडर्डशीच लग्न करायचं होतं."

जाधव मान खाली घालून भाकरी चावत होते. मग हळूच म्हणाले, "साहेब, नकाशा झकास हाय तुमचा. फकस्त वहिनी त्यात न्हाईत."

ओटा तीन इंचांनी खाली आला. वास्तुशांतीला आलेल्या प्रत्येक बाईला सुमननं आधी ओटा दाखवला आणि जाधवांचं नाव सांगितलं. मी पेढे वाटत होतो.

त्यानंतर एका शुक्रवारी जाधव पहिल्यांदाच माझा जिना चढून आले. काखेत कागदाची गुंडाळी. बार्शीपलीकडच्या एका खेड्यात त्यांच्या एका चर्चचं बांधकाम चाललं होतं. मंडळींना मधे खांब नको होता, म्हणून लांबच लांब बीम टाकला होता.

"एवढा लांब म्या कदी टाकला न्हाय. तेवढं गनित बगता?"

"स्लॅब कधी टाकायचाय?"

"टाकून झालाय की. येत्या शनवारच्या पुढल्या शनवारी टेकू काढायचे."

"मग आता बघून काय उपयोग?"

"उपेग न्हाय," ते म्हणाले. "पर बगा की."

सापडला, मी मनात म्हटलं. तीन दिवस दुसरं काम हातात घेतलं नाही. वजनं मांडली, सळया मोजल्या, चूक शोधली. मंगळवारी दुपारी कळलं, की चूक नाहीच. भीतीपोटी त्यांनी इतकं लोखंड घातलं होतं की बीमनं दुप्पट वजन पेललं असतं. रस्ता ओलांडून एवढंच सांगायचं होतं. मी ओलांडला नाही. गुरुवारी त्यांनी खालूनच विचारलं, "काय निगालं का?" मी खिडकीतून म्हणालो, "बघतोय अजून." त्यांचा चेहरा उतरला आणि मला फार बरं वाटलं.

शनिवारी एस.टी.नं त्यांच्याबरोबर गेलो. ते तोंड अजून थोडं बघायचं होतं, दुसरं काय. बाकीचे टेकू काढून झाले होते. शेवटचा बीमच्या बरोबर मध्यावर होता. जाधवांनी पाद्रीबाबांसह सगळ्यांना बाहेर काढलं, टेकूला दोर बांधून त्याचं टोक दारात मिस्त्रीच्या हाती दिलं, आणि स्वतः बीमखाली एक घमेलं पालथं घालून त्यावर बसले.

"हे काय नाटक?" मी विचारलं.

"दर वेळंला असंच असतंय, साहेब," मिस्त्री म्हणाला. "बावीस वरसं बगतोय मी."

मी आत गेलो. जाधवांनी दोन्ही हातांनी स्वतःचे गुडघे घट्ट धरले होते.

"तुमी गनित मांडता आन घरी जाऊन झोपता," ते म्हणाले. "मला गनित येत न्हाय. मग मी हितं बसतो. पडायचंच तर ज्यानं नकाशा काढला त्याच्या डोस्क्यावर पडावं." मग वर बीमकडे बघत म्हणाले, "तुमी कायच बोलंनासा, तवाच वळिकलं. चूक घावली, पर सांगायला जड जातंय तुमाला."

माझ्या गप्प बसण्यात एवढा चांगुलपणा आजवर कुणी वाचला नव्हता.

"जाधव, चूक नाही. दुप्पट वजन पेलेल."

"नक्की?"

"नक्की."

"कदी कळलं?"

खोटं बोलता आलं असतं. "मंगळवारी."

त्यांनी शेजारचं दुसरं घमेलं पायानं पालथं केलं आणि माझ्याकडे सरकवलं. मी बसलो. मिस्त्रीनं दोर ओढला.

गणित माझं होतं, दोनदा तपासलेलं. तरी टेकू धाडकन खाली आला तेव्हा माझे डोळे गच्च मिटलेले होते. उघडले तेव्हा छत जागेवर होतं. जाधव धोतराच्या सोग्यानं तोंड पुसत होते.

"बावीस वरसांत पैल्यांदाच," ते म्हणाले, "कुनीतरी शेजारी बसलं बगा."

बाहेरून मंडळी हाका मारत होती. आम्ही दोघंही लगेच उठलो नाही.