ओव्याच्या तळ्यातला पुरावा

ओवे गावच्या तळ्यात एकही जीव नाही, असं लिहिणाऱ्या कार्यालयाने तळं पाहिलंच नव्हतं. खुर्चीत बसून धडधडीत खोटं लिहिलं आणि त्या खोट्यावर भराव टाकून रस्ता काढायला निघालं. तळ्याचं नाव जैवविविधतेच्या नोंदवहीत चढलं, तरच बळीरामचं वीस गुंठ्यांचं तळं वाचणार होतं. त्याने अकरा अर्ज केले, तेव्हा कुठे एक साहेब पाहणीला उगवले.

बळीरामने पहाटेच जाळं टाकून सहा किलोचा जिताडा मासा धरला आणि तळ्याकाठच्या अंगणातल्या निळ्या पिंपात सोडला. साहेबांनी तो दोन्ही हातांनी उचलून फोटो काढून घेतला.

"काय जनावर आहे हो! ह्याची नोंद व्हायलाच हवी."

"ह्याला मागून परत तळ्यात सोडू. चला, आधी पाणकोंबड्या दावतो," बळीराम म्हणाला.

बांधावरून फेरी मारून दोघे परतले, तर पिंप रिकामं आणि अंगणभर कालवणाचा वास.

बळीरामने बायकोला चुलीपाशी गाठलं. "हौसे, पुरावा कापलास?"

"मना काय ठावं?" हौसा कालवणात डाव फिरवत म्हणाली. "सातबाऱ्याचा सायब आला, जिताडा कापला. मीटरचा आला, कापला. तुमीच कापायला लावलाव ना? आज आलाय तो काय उपाशी जायाचा?"

साहेब उपाशी गेले नाहीत. डोक्याचा तुकडा मागून घेतला, दुसऱ्यांदा वाढून घेतलं आणि ढेकर देत म्हणाले, "तुमचं काम झालं समजा."

पंधरा दिवसांनी अहवाल आला. 'पाहणीअंती तळ्यात कोणताही मासा आढळला नाही.'

हौसाचा चेहरा उतरला. "माज्यामुलं तळं गेला."

"जातंय कुठं," बळीराम म्हणाला. साहेबांनी स्वतःच मोठ्या हौसेने पाठवलेला फोटो मोबाईलमध्ये होता. तळ्याकाठी साहेब, हातात जिताडा, खाली तारीख. त्याने तो वहीएवढा छापून आणला आणि बारावा अर्ज लिहिला. प्रत वरच्या साहेबांना.

'दोन हजार तीसपर्यंत पृथ्वीचा तीस टक्के भाग राखायचा, असं जगाने ठरवलंय. त्यात आमचे वीस गुंठे तुम्हाला जड झाले. फोटो जोडला आहे. काटे हौसाने धुऊन जपून ठेवलेत, मोजायला या. येताना डबा घेऊन या, जेवण मिळणार नाही. तळ्यात मासा नव्हता, तर तुम्ही दुसऱ्यांदा वाढून घेतलंत ते काय होतं? सात दिवसांत लेखी उत्तर द्या.'