जाऊ द्या, जावईबापू!

"चाक फिरे गरगर, वाट सरे भरभर,
माझा बाळ हाकणारा, पोचेल गं वेळेवर!"

हा आवाज आईचा. फार जुना. जेवायच्या वेळी पोरगं रिकामी ताटली दोन्ही हातांत धरून फिरवायचं, तोंडाने 'भुर्रर्र' करायचं, आणि त्या भुर्रर्रच्या फटीतून आई घास आत सरकवायची. पुढे ताटली गेली, हाती शाळेची बस आली. पण त्या दोन ओळींनी डोक्यात भरलेली हवा काही उतरली नाही. म्हणूनच ट्रेलर शिकायची वेळ आली तेव्हा आपले जावईबापू छाती फुगवून बायकोला म्हणाले, "त्यात काय शिकायचंय? ट्रेलर म्हणजे शेपूट असलेली बस!"

"शेपूट कुठे जातं तेवढं बघा म्हणजे झालं," बायको म्हणाली.

तिचे दिवस भरत आले होते. शाळेने बस बंद केलेली. मालवाहतुकीच्या कंपनीत काम मिळालं तर घरी राहून भागणार होतं. नाहीतर पाळणा हलायच्या ऐन वेळी बायकोला घेऊन परक्या शहरात पोटामागे जावं लागणार. कंपनीच्या मालकीणबाईंची अट मात्र पाण्यासारखी स्वच्छ होती. "रिकामा ट्रेलर हायवेने आमच्या गोदामापर्यंत न्या, माल चढवायच्या ओट्याला मागे घेऊन लावा. ओरखडा नाही, तर उद्यापासून कामावर! ओरखडा दिसला, तर नमस्कार!"

शिकवायला साक्षात सासरे! कंपनीत त्यांना सगळे 'उस्ताद' म्हणत. निम्मे ड्रायव्हर त्यांच्या हाताखाली तयार झालेले. हाताखाली कसले, जिभेखाली! उस्तादांनी एक शिवी हासडली की गिअर आपोआप पडायचा म्हणे. पण आज शेजारी बसायचं होतं जावयाच्या. निघताना सासूबाईंनी त्यांना दारातच अडवलं.

"ऐकलंत का? जावई आहेत. तोंडातून वाकडा शब्द गेला, तर परत घरात पाऊल टाकू नका!"

"अगं पण शिकवायचं कसं?"

"गोड बोलून!"

उस्तादांनी एवढा मोठा आवंढा गिळला की शर्टाचं वरचं बटण हललं.

ट्रेलर सुरू झाला. जावईबापूंनी आरशात पाहिलं. शेपूट दिसलं, शेपटाच्या मागे आणखी शेपूट दिसलं, आणि जिथे संपायला हवं होतं तिथेही शेपूटच दिसलं! पण मिशीवर ताव देत ते हायवेच्या तोंडाशी आले.

"जाऊ द्या, जाऊ द्या!" उस्ताद मधाळ आवाजात म्हणाले.

आता, उस्तादांच्या मनात होतं: गाडी जाऊ द्या, पाय दाबा. जावईबापूंना वाटलं: येणाऱ्यांना जाऊ द्या. ते थांबले. एक मोटार गेली. दुधाचा टँकर गेला. कपाटं लादलेला टेम्पो गेला. एक सायकलवाला घाबरून थांबला होता, त्यालाही हात करून "या, या!" म्हणत जाऊ दिलं. मागे हॉर्नचा असा कल्लोळ उठला की जणू वरात अडकली आहे!

"अहो, जाऊ द्या ना!" उस्तादांच्या कपाळाची शीर तटतटली.

"देतोच आहे की! किती जणांना जाऊ देऊ आणखी?"

"आपण... आपण जाऊ या," उस्ताद दातांच्या फटीतून म्हणाले.

एकदाचा ट्रेलर हायवेला लागला. वारा आला, चाकं गाऊ लागली, जावईबापूंच्या ओठांवर आईच्या ओळी आल्या. तेवढ्यात उस्तादांनी खाकरून घसा साफ केला.

"डावीकडे एक फाटा येतोय बघा. तसा बरा आहे."

"वा! छानच आहे!" जावईबापूंनी मान डोलावली आणि फाटा मागे टाकला. मग त्यांच्या ध्यानात आलं. "अहो मामंजी, तिकडे वळायचं होतं का?"

"आता राहू द्या."

राहू द्या? गाडी इथेच राहू द्या? मोठ्यांचा शब्द मोडायचा कसा! जावईबापूंनी ब्रेक दाबला. फुस्स! ट्रेलर कडेला कलला, तोंड झुडपात आणि बूड रस्त्यात. मागची वाहतूक मुंग्यांच्या रांगेसारखी तुंबली. हवालदार धावत आला.

"काय चाललंय? शिकवतंय कोण यांना?"

"मी," उस्ताद खाली मान घालून म्हणाले.

"मग ओरडत का नाही? एवढा अजगर आडवा पडलाय!"

"साहेब... जावई आहेत."

हवालदाराचा चेहरा एकदम मऊ झाला. त्याने टोपी काढली, उस्तादांना बाजूला घेतलं. "असं करा बाबा. जे बोलायचंय ते माझ्या कानात सांगा. मी सरकारी आवाजात त्यांना सांगतो."

उस्ताद त्याच्या कानाला लागले. बराच वेळ लागले. हवालदाराचा तो कान आधी गुलाबी झाला, मग लाल, मग वांग्यासारखा जांभळा.

"नाही बाबा," तो मागे सरत म्हणाला, "एवढं मला वर्दीत बोलता येणार नाही." आणि बिचाऱ्याने शिट्टी मारून वाहतूक थांबवली, वाट करून दिली.

पुढच्या वळणाने वळसा घालून ट्रेलर गोदामावर पोचला. ओट्याच्या एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला मालकीणबाईंची नवीकोरी पांढरी मोटार, आणि मोटारीशेजारी हाताची घडी घालून खुद्द मालकीणबाई! उस्ताद उतरून मागे उभे राहिले.

"येऊ द्या... येऊ द्या... योग्य वाटलं तर किंचित डावीकडे घ्यावं..."

जावईबापूंनी चाक डावीकडे फिरवलं. शेपूट निघालं उजवीकडे! त्यांनी आणखी डावीकडे फिरवलं. शेपूट आणखी उजवीकडे, थेट पांढऱ्या मोटारीच्या रोखाने!

"अहो... म्हणजे... आपली हरकत नसेल तर..." उस्तादांचा आवाज चिरकला. मोटार वीतभर उरली. लेकीचा पाळणा डोळ्यांपुढून परगावी निघाला. आणि मग धरण फुटलं.

"अरे ए गाढवा! थांब! ब्रेक दाब! ब्रेक!!"

फुस्स! ट्रेलर जागच्या जागी. जावईबापूंनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. उस्ताद तोंडावर हात ठेवून उभे.

"मामंजी, हे मला म्हणालात?"

"चुकलं हो, जीभ..."

"अहो, सकाळपासून पहिल्यांदा मला काहीतरी कळलं! असंच सांगा!"

उस्तादांनी आकाशाकडे पाहिलं, बाह्या सरसावल्या. "मग ऐक, टोणग्या! पुढे घे! आता उलटं फिरव चाक! उलटं म्हणजे उलटं, बैलोबा! शेपूट डावीकडे हवं तर हात उजवीकडे! हळू! तुझी वरात नाही चाललेली! सरळ कर... बस्स!"

ट्रेलर ओट्याला असा लागला, जसं वासरू गाईला.

मालकीणबाईंनी वाकून वाकून पाहिलं. भिंत बघितली, मोटार बघितली, ट्रेलर दोन्ही अंगांनी बघितला. ओरखडा नाही. "उद्या सकाळी या कामावर," म्हणाल्या.

जावईबापू खाली उतरले ते थेट सासऱ्यांच्या पायांशी वाकले. उस्तादांनी त्यांना दंडाला धरून उठवलं. डोळे ओलावले होते.

"रागावलात नाही ना, जावईबापू? फार दिवस दाबून धरलं होतं, आज निसटलं."

"किती दिवस, मामंजी?"

उस्तादांनी इकडेतिकडे पाहिलं. सासूबाई आसपास नाहीत याची खात्री केली.

"लग्न ठरलं, त्या दिवसापासून."